पदर असला की चालतं!

उज्जैनला जायचं म्हटलं की आमच्या घरात दोन तट पडतात. एक महाकालाच्या भस्मआरतीवाला आणि दुसरा सकाळच्या पोहे-जिलबीवाला. मी कुठल्या तटात आहे हे माझा घेर पाहिलेल्यांना सांगायला नको. तर गेल्या कार्तिकात कालिदास समारोहाचं निमित्त काढून मी तिथं गेलो आणि नेहमीप्रमाणे फ्रीगंजात आत्याच्या घरी उतरलो. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. आता घरात तिचा मुलगा, म्हणजे माझा दादा, वहिनी आणि त्यांचा एकुलता एक मुलगा. दादा बँकेतून निवृत्त झालेला, गाण्याचा दर्दी, बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या जिवापाड जपणारा. मुलगा चोविशीतला. पेटी उत्तम वाजवतो, आणि पोटासाठी लग्नातल्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर साथ करतो.

हा लेख त्या घरात झालेल्या एका भांडणाचा आहे. भांडण मी लावलं नव्हतं, पण विझवलंही नाही, हे आधीच कबूल करतो.

जेवणं झाली होती. शेजारचे एक निवृत्त संस्कृतचे प्राध्यापक गप्पा मारायला आले होते. पुतण्या कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसला होता. इअरफोनची वायर कशाला तरी अडकली, निसटली, आणि खोलीभर पियानोसारखे सूर आणि एक तरुण पुरुषी आवाज पसरला. चाल गोड होती. दादा कौतुकाने बघायला गेला. पडद्यावर दोन कोरियन पोरं. एक गातोय, दुसरा कीबोर्डवर. आणि वाजवणारा गाणाऱ्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती नजर समजायला कोरियन भाषा यायची गरज नव्हती.

"काय चक्कर आहे हे?" दादा म्हणाला. "दोन बाप्ये एकमेकांकडे बघून प्रेमाची गाणी गातायत? गाणं शिकतोस की हे शिकतोस?"

पोरगा काही बोलला नाही. प्राध्यापक बोलले. ते म्हणाले की ही साथ आहे, बाहेरून आलेली. आपल्या मातीत असलं काही नव्हतं, आणि अवंतिकेत, कालिदासाच्या गावात तर नाहीच नाही.

वाचकहो, मी गोव्याचा माणूस. भात, मासे आणि नाटक या तीन विषयांवर कोणी चुकीचं बोललं की मला गप्प बसवत नाही. इथं तर नाटकाचाच विषय निघाला होता.

आधी ती मालिका काय आहे ते सांगतो, कारण भांडणाऱ्या दोघांपैकी एकानंही ती पाहिली नव्हती. (मीही नव्हती. दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या मोबाईलवर सगळी पाहिली.) नाव 'विश यू'. २०२० च्या डिसेंबरात आलेली, आठ छोट्या भागांची. सगळे भाग मिळून जुन्या संगीत नाटकाच्या पहिल्या दोन अंकांइतकीही लांबी नाही. कांग इन-सू नावाचा मुलगा रस्त्यावर उभा राहून गातो, त्याचा मित्र ती गाणी इंटरनेटवर टाकतो. यून सांग-ई हा एका संगीत कंपनीतला कीबोर्ड वाजवणारा, त्याचा आधीपासूनचा चाहता. कंपनी दोघांना एकत्र कामाला लावते. झालं. पुढे बघणं, लाजणं आणि गाणं जमवणं.

खरं सांगू? कथा पेजेच्या निवळीसारखी पातळ आहे. त्यात कुणाला आईबाप नाहीत, शेजारी नाहीत, 'लग्नाचं काय?' विचारणारी एक मावशी नाही. सोलसारख्या अवाढव्य शहरात या दोघांना टोमणा मारणारा एकही माणूस भेटत नाही. असलं गाव पृथ्वीच्या पाठीवर कुठं नाही, कोरियात तर अजिबातच नाही. तिथल्या कायद्यात आजही दोन पुरुषांचं लग्न बसत नाही. २०२४ च्या जुलैत तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एवढंच मान्य केलं की अशा जोडीतल्या एकाच्या आरोग्य विम्यात दुसऱ्याला अवलंबित म्हणून जागा द्यावी. तेवढ्यासाठीही त्या दोघांना वरपर्यंत भांडावं लागलं. तेव्हा 'कोरियाची संस्कृती आपल्यावर लादली जातेय' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की ही मालिका कोरियातही कुणी पाट मांडून, ओवाळून घरात घेतलेली नाही.

पण एक गोष्ट त्या मालिकेला बरोबर कळली आहे. ती म्हणजे साथ. प्राध्यापकांनी तो शब्द रोगाच्या अर्थानं वापरला. गाण्यातल्या माणसाला त्याचा दुसरा अर्थ आधी आठवतो. पेटीवाला गायकाच्या ओठांकडे बघत असतो, तो श्वास कधी घेणार, कुठल्या स्वरावर थांबणार, कुठं त्याचा गळा आज जड आहे. तो अर्धी मात्रा मागं राहतो, जागा सोडतो, आणि गायक अडखळला तर कुणाला कळायच्या आत सूर भरतो. आपल्याकडच्या बैठकीत दोन पुरुष तीन-तीन तास एकमेकांकडे असं बघत बसतात आणि आपण 'क्या बात है' म्हणतो. त्या मालिकेतला कीबोर्डवाला हेच करतो. फरक इतकाच की बैठक संपल्यावर तो नजर काढून घेत नाही.

असो. आता कालिदासाच्या गावाकडे वळू.

मी प्राध्यापकांना विचारलं, "सर, मृच्छकटिक कुठं घडतं?"

"इथंच की. उज्जयिनीत."

"मग तिसऱ्या अंकाची सुरुवात आठवते का?"

ते हसले. त्यांना आठवत होती, आणि मी कुठं चाललोय हेही कळलं असावं, कारण त्यांनी सुपारीचा डबा हातात घेतला.

शूद्रकाचं ते नाटक ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: चारुदत्त हा उज्जयिनीतला कफल्लक झालेला सज्जन. रात्र झाली आहे. तो आणि त्याचा मित्र मैत्रेय रेभिलाचं गाणं ऐकून घरी परत येत आहेत. रेभिल हा व्यापारी, पुरुष, हौसेनं गाणारा. चारुदत्त त्या गाण्यानं पार खुळावला आहे. वाटेत त्याच्या तोंडी दुसरा विषय नाही. वीणेची स्तुती, स्वरांची स्तुती, गाणं संपलं तरी ते कानात चालूच आहे म्हणतो. मैत्रेयाला झोप आली आहे, तो कंटाळला आहे, आणि तो म्हणतो की मला बुवा जगात दोन गोष्टींचं हसू येतं, एक संस्कृत म्हणणारी बाई आणि दुसरा नाजूक आवाजात गाणारा पुरुष.

बघा! किमान दीड हजार वर्षांपूर्वीचं नाटक. उज्जयिनीच्या रस्त्यावर मध्यरात्री दोन मित्र चालले आहेत. एक पुरुषाच्या गळ्यातल्या मार्दवानं वेडा झाला आहे, आणि दुसरा त्याच मार्दवाला खिदळतो आहे. आमच्या फ्रीगंजातल्या दिवाणखान्यात त्या रात्री नेमका हाच प्रवेश चालू होता, फक्त चारुदत्ताची भूमिका पुतण्याकडे होती आणि मैत्रेय दोन होते.

इथं आमचे काही पुरोगामी मित्र टाळ्या वाजवायला उठतील, की बघा, प्राचीन भारत किती मोकळा होता! बसा खाली. तसं काही नव्हतं. एक तर मैत्रेयाचं हसू तितकंच प्राचीन आहे. आणि दुसरं म्हणजे चारुदत्त काय म्हणतो ते नीट ऐका. तो रेभिलाच्या स्वराचे गोडवे गातो, आणि शेवटी म्हणतो, दिसला नसता तर आत एखादी स्त्री लपली आहे असंच मला वाटलं असतं.

मला त्या नाटकातलं हे सगळ्यात खरं वाक्य वाटतं, आणि सगळ्यात दुःखाचंही. इतका रसिक, इतका सहृदय माणूस. पण पुरुषाच्या आवाजातली कोवळीक त्यालाही सरळ पचवता येत नाही. तिच्यासाठी त्याला आत एक स्त्री लपवावी लागते. तिथून पुढे आजपर्यंत आपण तेच करत आलो आहोत. पुरुषानं पुरुषाकडे बघून कोवळं गायचं असेल तर मध्ये एक बाई हवी. खरी नसली तरी चालेल, पण पदर हवा.

आणि पदर असला की काय काय चालतं, याची यादी दादाच्याच कपाटात होती! त्याच मृच्छकटिकाचं देवलांनी संगीत नाटक केलं. वसंतसेना कोण? बालगंधर्व. म्हणजे उज्जयिनीच्या पार्श्वभूमीवर, मराठी रंगभूमीवर, एक पुरुष चारुदत्त होऊन आणि दुसरा वसंतसेना होऊन शृंगाराची पदं गात होता, आणि आपले आजोबा-पणजोबा 'वन्स मोअर' देत होते. ८ जुलै १९२१ चा मुंबईचा संयुक्त मानापमानाचा प्रयोग घ्या. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. केशवरावांनी स्वतः लहानपणी शारदा रंगवलेली! म्हणजे स्त्री होऊन गाण्याचा अनुभव दोघांच्याही गाठीशी. त्या रात्री हे दोन पुरुष एकमेकांना गाण्यातून जिंकत होते आणि सगळं मुंबई शहर त्या नाटकगृहाकडे लोटलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. त्या रात्रीची गोष्ट महाराष्ट्रात अजून देवाच्या पालखीसारखी मिरवली जाते, आणि मिरवावीच. दादा तर ती सांगताना रडतो. मी त्याला विचारलं, "दादा, तू दोन पुरुषांच्या प्रेमाच्या गाण्याला रडतोस, हे तुला माहीत आहे ना?"

"तो अभिनय होता," दादा ओरडला. "बालगंधर्व बाई झालेले होते!"

त्याचं म्हणणं खरं आहे. अगदी खरं आहे. मी त्या थोर नटांच्या खाजगी आयुष्याबद्दल एक अक्षर बोलत नाही, बोलायचा मला अधिकार नाही, आणि त्यांना आपल्या वादातले साक्षीदार करणाऱ्यांचा मला राग येतो. गोष्टीतलं प्रेम स्त्री-पुरुषाचं होतं, हेही मान्य. माझा प्रश्न नटांबद्दल नाहीच, बघणाऱ्यांबद्दल आहे. समोर पुरुष आहे हे पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. घरंदाज बायका त्या पुरुषाची साडी नेसायची ढब आणि दागिने घालायची रीत उचलत होत्या! म्हणजे पुरुषाला पुरुषासाठी लाजताना बघून आपल्या समाजाला ओकारी येते, हे खोटं आहे. ओकारी येत नाही, आनंद होतो. अट एकच, खेळ संपल्यावर त्यानं लुगडं सोडून मिशांना पीळ द्यावा.

आणि ज्याला ते जमत नाही त्याचं काय होतं, तेही आपल्याला ठाऊक आहे. तमाशातला नाच्या. गणपत पाटलांनी पडद्यावर त्याला अजरामर केलं, आणि त्या माणसाला खऱ्या आयुष्यात लोकांनी काय काय ऐकवलं! 'नटरंग' २०१० साली आला तेव्हा सगळ्यांनी हळहळून बघितला. बाहेर पडताना माझ्या मागच्या रांगेतला एक जण नाच्याची नक्कल करून बायकोला हसवत होता. मैत्रेय मरत नाही हो.

दादाला मी आणखी एक आठवण करून दिली. माच! माळव्याचा हा गाण्याचा तमाशाच म्हणा. तो याच उज्जैनच्या गल्ल्यांत वाढला. गुरू बालमुकुंदांचं नाव इथं अजून आदरानं घेतात. त्यातल्या राण्या परंपरेनं कोण होतात? दाढी केलेले पुरुष. आमच्या पेडण्याकडे आणि पलीकडे सावंतवाडी-वेंगुर्ल्याला दशावतारात आजही राणी पुरुषच असतो. मी लहान असताना जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आदल्या रात्रीची राणी आमच्या पडवीत बसून भाकरी खात होती, लुंगी लावलेली, डोळ्यांत काजळ राहिलेलं. माझी आजी, जिनं रात्री त्या राणीसाठी डोळ्याला पदर लावला होता, तिनं त्याला पाणी वरून ओतलं. ते जातीमुळे की काजळामुळे, हे मला तेव्हा कळलं नाही, आता विचारायला आजी नाही.

या बाबतीत आम्हा गोवेकरांनी तर कुणाला शिकवायलाच जाऊ नये. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई, यांच्या गाण्यावर आमची छाती फुगते. केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानावरच्या तबकडीत बसून पृथ्वी सोडून गेला. आणि ज्या समाजात या बायका जन्मल्या, त्या देवळाच्या गाणाऱ्यांना आमच्या प्रतिष्ठित घरांनी कुठवर येऊ दिलं? गाणं माजघरापर्यंत, गाणारी पायरीपर्यंत. गळा घ्यायचा आणि माणूस बाहेर ठेवायचा, ही आमची जुनी, मुरलेली सवय आहे. दादा पोराचे सूर घ्यायला तयार आहे, नजर घ्यायला तयार नाही. मला त्यात नवीन काहीच दिसलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, कोरियाच कशाला? आपली गोष्ट आपण सांगू. अगदी बरोबर! सांगा ना! त्यांच्याकडेही गावोगाव फिरणारी, सगळे पुरुष असलेली नामसादांग नावाची मंडळी होती. बायकांची कामं पोरंच करत. २००९ साली युनेस्कोच्या यादीत ती कला गेली. पण त्याआधीच, २००५ च्या अखेरीस, त्यांनी राजदरबारात खेळ करणाऱ्या दोन विदूषकांवर 'द किंग अँड द क्लाउन' हा चित्रपट काढला. त्यातला एक बायकी कामं करणारा, दुसरा त्याच्यावर जीव टाकणारा, आणि राजाची त्या पहिल्यावर नजर. सव्वा कोटीच्या आसपास लोकांनी चित्रपटगृहात जाऊन तो पाहिला; देशाची वस्ती तेव्हा पाच कोटींच्या आत. त्यांनी आपल्या परंपरेच्या पदराखाली हात घातला आणि जे हाताला लागलं ते दाखवलं. आपण काय केलं? तेंडुलकरांनी १९८१ साली 'मित्राची गोष्ट' लिहिली, तिचं नाव त्यांच्या नाटकांच्या यादीत शेवटी घेतलं जातं. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ ची. बोटांवर मोजावं एवढंच. आणि संगीत नाटकांची, कंपन्यांची, बिऱ्हाडांची एवढी थोर परंपरा असलेल्या भाषेत गाणारा आणि साथीदार यांच्यावर, पदराशिवाय, एक साधी प्रेमकथा माझ्या वाचनात नाही. ती नाही म्हणून चोवीस वर्षांचं पोरगं सोलमध्ये शोधतं. मग आपण म्हणायचं, साथ बाहेरून आली.

प्राध्यापक एवढा वेळ सुपारी कातरत होते. ते शेवटी म्हणाले, "पण समाजाची मान्यता म्हणून काही असते की नाही?"

असते ना. मृच्छकटिकाचा शेवट तोच आहे! वसंतसेना गणिका. चारुदत्ताच्या घरात तिला प्रेमानं जागा आहे, नात्यानं नाही. शेवटच्या अंकात राज्य उलटतं, आणि नवा राजा आर्यक निरोप धाडतो की वसंतसेनेला आजपासून 'वधू' म्हणावं. एका शब्दात तिला घर मिळतं. शूद्रकाला कळत होतं की प्रेम दोघांनी केलं तरी नातं राजानं लिहून द्यावं लागतं. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ चा काटा काढला आणि प्रेम गुन्हा राहिलं नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयानं लग्नाचं मात्र नाकारलं. तो विषय कायदेमंडळाचा, म्हणाले. म्हणजे तुरुंगातून सुटका झाली, पण 'वधू' हा शब्द काही आला नाही. आपण अजून नवव्या अंकातच आहोत, जिथं चारुदत्ताची चौकशी चालली आहे.

हे मी बोललो तेव्हा पुतण्या खोलीत नव्हता. तो केव्हा उठून गेला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं मला आत बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं ते असं. त्याचा एक मित्र आहे, गाणारा, ख्याल शिकतो. तीन वर्षं रोज संध्याकाळी यायचा, दोघं रियाज करायचे, दादा स्वतः बसून दुरुस्त्या सांगायचा, तिच्या हातची साबुदाण्याची खिचडी त्याला फार आवडायची. दिवाळीनंतर दादानं त्याला 'आता घरी येऊ नकोस' म्हणून सांगितलं. कारण दिलं नाही. तेव्हापासून पेटीवरचं कापड निघालेलं नाही. पोरगा कीबोर्ड वाजवतो, तोही कानाला यंत्र लावून, बाहेर आवाज येऊ न देता.

"त्या दोघांत काय आहे मला माहीत नाही," वहिनी म्हणाली, "पण घरातलं गाणं गेलं."

त्या दोघांत काय आहे मलाही माहीत नाही. मी विचारलं नाही. त्यानं सांगावं अशी वेळ आली तर तो सांगेल, नाही तर नाही. दादाला मात्र मी निघायच्या आदल्या रात्री स्पष्ट म्हटलं, की तू तबकड्या जपतोस आणि पेटी बंद पाडलीस. तो माझ्याशी सकाळपर्यंत बोलला नाही.

तरी स्टेशनवर सोडायला आला. पुतण्याही होता, हातात माझ्यासाठी शेवेचं पुडकं. गाडीला वेळ होता. मी चहा घ्यायला वळलो तर फलाटाच्या टोकाला, पाण्याच्या नळापाशी, पाठीला तंबोऱ्याची खोळ अडकवलेला एक मुलगा उभा होता. पुतण्यानं एकदा तिकडे बघितलं आणि मग वेळापत्रकाच्या फलकाकडे बघत राहिला. दादानंही त्याला पाहिलं. मी म्हटलं, "दादा, त्याला बोलाव की. चहा पिऊ चौघं."

दादा काही बोलला नाही. गाडी लागली. मी खिडकीत बसलो तेव्हा दादा चहावाल्याला पैसे देत होता, आणि त्याच्या हातात कप किती होते ते गर्दीत मला मोजता आलं नाही.